खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचं पाणी

"बाई, जरा बाहेर आके देखो. पहिलं तळं मरगया दिखता."

रसूलभाई प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. ते आमचे गेटमन. तळ्यांची गेटं उघडायची आणि लावायची, हे त्यांचं काम. चेष्टेखोर माणूस. सकाळी काहीतरी फेकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. म्हणून मी बाटल्या धुता धुता म्हटलं, "मेलं असेल तर चार खांदेकरी बोलवा, मला कशाला?"

ते हसले नाहीत. तेव्हा मी हात पुसले.

बाहेर येऊन बघते तर काय! काल संध्याकाळी हिरवंगार असलेलं तळं काळपट करडं झालेलं. काठाला निळसर साय धरलेली. आणि वास! मैलापाण्याच्या वासाची आम्हाला इतकी सवय की तो आम्हाला वास वाटायचाच नाही. पण हा निराळा होता. सडक्या अंड्यासारखा, आणि वरून धोब्याच्या भट्टीसारखा नाकात चढणारा.

आता तुम्हाला आधी तळ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं केंद्र सोलापूरच्या बाहेर, उताराच्या अंगाला. गावातलं सगळं सांडपाणी, मोरीचं, संडासाचं, मोठ्या पाइपातून आमच्याकडे यायचं. एकामागे एक अशी तीन मोठी तळी होती. इंजिनिअर लोक त्यांना ऑक्सिडेशन पाँड म्हणायचे. मशीन म्हणून काही नाही. सगळं काम करायचे ते जंतू आणि शेवाळ. जंतू घाण खातात. खाताना त्यांना श्वास लागतो. ती हवा पाण्यातलं शेवाळ उन्हात तयार करतं. म्हणून आमच्याकडे हिरवं पाणी म्हणजे चांगलं पाणी. नव्या माणसाला हे उलटं वाटायचं. पहिल्या तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि तिथून नाल्यात, असा पाण्याचा प्रवास.

मी तिथे बाटल्या धुवायला म्हणून लागले होते. शिक्षण सातवी पास. पुढे केमिस्ट बदलून गेले, नवे काही आले नाहीत आणि तपासण्या माझ्या गळ्यात पडल्या. मग काय, कपाटातलं इंग्रजी पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी. एका पानाला आठवडा लागायचा, पण डोक्यात बसायचं ते पक्कं.

सगळ्यांत महत्त्वाची तपासणी डीओची. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. काचेच्या बुचाची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, त्यात दोन औषधं टाकायची आणि हलवून ठेवायची. पाण्यात हवा असेल तर तळाला तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा, दही फुटल्यासारखा. तपकिरी म्हणजे पाणी जिवंत. पांढरं म्हणजे संपलं.

त्या सकाळी पहिल्या तळ्याच्या बाटलीत पांढरं उतरलं. लिटमसचा कागद बुडवला तर गडद निळा झाला. म्हणजे पाण्यात कसला तरी जबर खार. दुसऱ्या तळ्याच्या बाटलीत पातळ चहाच्या रंगाचं काहीतरी बसलं. तिसऱ्याचं मात्र चांगलं तपकिरी होतं.

निंबाळकर साहेब आले. आमचे इंजिनिअर. मोजकं बोलायचे, पण त्या बोलण्यात काम असायचं.

"दुसऱ्यात काय आहे, शांताबाई?"

"थोडा श्वास आहे, साहेब."

"तिसऱ्यात?"

"ते ठीक आहे. पण पहिल्याचं पाणी दुसऱ्यात जातंच आहे की. आज दुसरं, उद्या तिसरं."

साहेबांनी लगेच हुकूम सोडला. पहिल्या आणि दुसऱ्या तळ्यामधलं गेट बंद. तिसऱ्या तळ्याचं नाल्याकडचं गेटही जवळजवळ बंद, करंगळीएवढी धार ठेवायची. चांगलं पाणी तेवढ्याच तळ्यात उरलं होतं, ते पुरवायचं होतं.

का पुरवायचं? तर खाली वस्ती होती म्हणून.

ते साल बहात्तरच्या दुष्काळाचं. पाऊस पडलाच नव्हता. आसपासच्या विहिरींत दगड दिसत होते. वाहतं पाणी म्हणाल तर आमच्या नाल्याचं तेवढं. नाल्याच्या काठाला दहा-बारा घरांची वस्ती. लोकांनी नाल्याच्या वाळूत झिरा खणलेला. वाळूतून झिरपून जे पाणी जमेल ते वाटीवाटीने घागरीत भरायचं आणि प्यायचं. आम्ही त्यांना झिऱ्यात टाकायला जंतू मारायची टीसीएल पावडर द्यायचो आणि उकळून प्या म्हणून सांगायचो. 'नाल्याचे पाणी पिऊ नये' असा बोर्डही कचेरीने लावला होता. बोर्ड छान होता. पण बोर्डातून पाणी येत नाही.

गेटं बंद केली खरी, पण गावातून येणारं पाणी थोडंच थांबतं? ते पहिल्या तळ्यात येतच राहिलं, आणि तेही काळं. तुम्ही म्हणाल, पहिलं तळं सोडून सरळ दुसऱ्यात वळवा की! तशी बायपास लाइन होती आमच्याकडे. पण येणारं पाणीच विषारी, मग दुसऱ्यात वळवून दुसरंही मारायचं का? म्हणजे पहिलं तळं भरू देणं एवढंच हातात होतं. आणि तळ्याचा बांध मातीचा. मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहायला लागलं की माती धुपते, भगदाड पडतं, आणि मग अख्खं तळं एकदम नाल्यात.

मुख्य कचेरीतून फोन आला. साहेब रिसीव्हर कानापासून लांब धरायचे, त्यामुळे आम्हालाही ऐकू यायचं.

"बांध फुटता कामा नये. नाल्यात सोडून मोकळे व्हा."

"सर, खाली लोक ते पाणी पितात."

"बोर्ड लावलाय ना?"

साहेबांनी रिसीव्हर ठेवला.

"ऊन उतरेपर्यंत मी बांध धरतो," ते मला म्हणाले. "तोवर हे येतंय कुठून ते शोधा आणि बंद करा. येणारं पाणी साफ झालं तर मी ते दुसऱ्यात वळवतो, मग प्रश्न मिटला. नाही झालं, तर पहिल्याचं नाल्याकडचं गेट उघडावंच लागेल मला. सगळं तळं फुटून जाण्यापेक्षा थोडं थोडं गेलेलं बरं."

त्यांचं चुकत नव्हतं. तेच तर वाईट होतं.

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा झाला. वस्तीवरची तुळसाबाई. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला पदर खोचलेला. नाल्याकाठी तिचा अंबाडीचा मळा होता. रोज पहाटे पाटीभर भाजी गावात विकून ती याच वाटेने परत जायची.

"कोन हाय रं हितं? पानी कुनी बंद केलं आमचं?"

मी तिला बांधावर घेऊन गेले आणि पहिलं तळं दाखवलं. तिने नाकाला पदर लावला.

"ह्ये सोडनार व्हता व्हय खाली?"

"नाही सोडायचं म्हणूनच बंद केलंय ना, तुळसाबाई."

"मंग बरं केलं. पर झिरा आटत आलाय. सांजच्याला घागरी भरायला बाया येत्यात. त्यास्नी काय सांगू?"

"आज झिऱ्यातलं काढू नका म्हणावं. साहेब टँकरचं बघतायत."

"टँकर!" ती म्हणाली. "टँकर आन् जावई, बोलवल्यावर कवा आलेत?" मग तिने पाटी बगलेत मारली. "कुटं निघाला तुमी? जीप काढलीया तवा? मी बी येते. माझ्या पान्यात कुनी काय कालवलं त्याचं तोंड बघायचंय मला."

नको म्हणायला वेळ नव्हता. मी, रसूलभाई आणि तुळसाबाई, अशी आमची वरात निघाली.

गटारातला रंग कुठून येतो ते शोधायची एक साधी रीत आहे. रस्त्यावर लोखंडी गोल झाकणं असतात ना, मॅनहोल म्हणतात त्यांना. जिथे दोन गटारं मिळतात तिथलं झाकण उघडायचं, दोन्हीकडचं पाणी बघायचं, आणि ज्या बाजूने रंग येतोय त्या बाजूने वर वर चालत जायचं. नदीचा उगम शोधतात तसंच, फक्त नाक धरून. रसूलभाई आकड्याने झाकण उचलायचे, मी वाकून बघायची, आणि तुळसाबाई गोळा झालेल्या पोरांना हाकलायची.

रसूलभाईंना वाटत होतं, गिरणीचं असणार. "बडा पाप बडे घर का," म्हणाले. पण गिरणीकडून येणारं पाणी नेहमीसारखंच होतं, गढूळ पण बिनरंगाचं. रंग येत होता तो पूर्व भागातून, विणकरांच्या पेठेकडून. आम्ही तिकडे वळलो. एका घराची आगळीक असती तर एका गल्लीत रंग दिसला असता. पण जी गल्ली बघावी तिथून येत होता. इकडून काळा, तिकडून निळा, पलीकडून डाळिंबी. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

पेठेत शिरलो आणि बघते तर दारादारांत सडे पडलेले. माग थांबलेले. एरवी त्या गल्लीत खटखटाटाने बोललेलं ऐकू यायचं नाही, आज सगळं शांत. बायका अंगणात रंगाच्या कुंड्या आडव्या पाडून विटकरीच्या चुऱ्याने घासत होत्या. कुणी पोर आंब्याच्या डहाळ्या घेऊन पळत होतं.

उद्या खंडेनवमी! माझ्या घरी विळी-कोयता पुजायचा, तेवढंच माझ्या डोक्यात. इथे तर घरोघर कारखाना. मागाची पूजा, धोट्याची पूजा, आणि सूत रंगवणाऱ्यांच्या घरी कुंड्यांची. हत्यार पुजायचं तर ते स्वच्छ हवं. म्हणून आदल्या दिवशी उरलेला रंग सोडून द्यायचा, कुंडी घासायची आणि हळद लावायची. सगळ्यांनी. एकाच दिवशी.

तुळसाबाईने आम्हाला सरळ नरसय्यांच्या दारात नेलं. नरसय्या म्हणजे त्या पेठेतल्या रंगवणाऱ्यांचे पंच. मूळची तेलुगू मंडळी, पण पिढ्यान्पिढ्या सोलापुरात. तुळसाबाईच्या अंबाडीचं ते जुनं गिऱ्हाईक. त्या लोकांचा अंबाडीवर फार जीव.

"काय तुळसव्वा, आज दुसऱ्यांदा? आणि जीपमधून?" नरसय्या हसत म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "या अक्का. मैलापाण्याची स्वारी आज आमच्या दारात?"

"मामा, कुंड्या कधीपासून सोडताय?"

"काल संध्याकाळपासून. का? दरवर्षी सोडतो की."

"दरवर्षी आमचं तळं मरत नाही."

"मग यंदा तळ्याचा दोष," ते म्हणाले, आणि जमलेली माणसं हसली.

माझंही तेच अडत होतं. दरवर्षी सोडतात, मग यंदाच का? मी विचारलं, "एरवी कुंडीतलं पाणी किती दिवसांनी बदलता?"

"एरवी आठवड्याला. पण यंदा पाणी कुठंय अक्का? नळाला करंगळीएवढी धार, तीही एक दिवसाआड. उन्हाळ्यापासून तेच पाणी वापरतोय. त्यातच वरून कॉस्टिक टाकायचं, हायड्रो टाकायचं, रंग टाकायचा. कमी झालं की घागरभर ओतायचं. जुनी आमटी ऊन करून खावी तसं."

मी त्यांच्या पायरीवर बसलेच. कॉस्टिक म्हणजे माझा कागद निळा करणारा तो खार. आणि हायड्रो म्हणजे रंगवणाऱ्यांची पांढरी पावडर. तिचं कामच पाण्यातली हवा ओढून घ्यायचं. त्याशिवाय तो रंग सुताला धरत नाही. एरवी दर आठवड्याला थोडं थोडं यायचं, ते आमचं तळं पचवायचं. यंदा महिनोन्महिने आटवलेला तो अर्क अख्ख्या पेठेने एका दमात ओतला होता. तळ्यातल्या जंतूंचा श्वासच कोंडला. कुणी लबाडी केली नव्हती. उलट, पाणी वाचवलं होतं बिचाऱ्यांनी!

"अजून किती कुंड्या भरलेल्या आहेत?"

"निम्म्याहून जास्त. जेवणं झाली की सोडणार."

मी हात जोडले. म्हटलं, आज सोडू नका. मग तळ्याचं सांगितलं, बांधाचं सांगितलं, बाटलीतल्या पांढऱ्या साक्याचं सांगितलं.

"तर मग तुमच्या बाटलीचीच पूजा करा उद्या," मागून एक तरणा गडी ओरडला. परत हशा.

नरसय्या मात्र आता हसत नव्हते. "अक्का, गेल्या वर्षाचा मळ ठेवून हत्याराला हळद लावत नाहीत. वर्षभर त्या कुंडीवर जेवतो आम्ही. मी थांबलो तरी बाकीचे थांबणार नाहीत. मी पंच, तर उलट मलाच विचारतील, नेम का मोडला म्हणून."

माझ्या हातात काय होतं? ना नोटीस, ना अधिकार. नवऱ्याने टाकलेल्या बाईसारखी मी नुसतीच उभी. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. रसूलभाईंना मी जीप घेऊन बांधाची खबर आणायला पाठवलं.

अंगणाच्या कोपऱ्यात नरसय्यांची म्हातारी आई बसली होती. सगळे तिला अव्वा म्हणत. माग बंद असला तरी तिचे हात थांबलेले नव्हते, चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिने मान वर न करता तेलुगूत काहीतरी म्हटलं. नरसय्यांचा चेहरा एकदम बदलला. तेही तेलुगूत तिच्यावर ओरडले.

"काय म्हणाल्या?" मी त्यांच्या बायकोला, लक्ष्मीला, विचारलं.

लक्ष्मी जरा घुटमळली. "अव्वा म्हणाली, मामंजी गेले त्या वर्षी काय केलं होतं?"

"काय केलं होतं?"

"नवमी सुतकात आली होती. सुतकाच्या हाताने कुंडी रिकामी करत नाहीत. मग तोंडाला कोरं कापड बांधलं, आणि शेजारच्या बाईने बाहेरून हळदकुंकू लावलं. सुतक फिटल्यावर मग सोडला रंग."

"ते सुतक होतं!" नरसय्या कडाडले. "घरात सगळी धडधाकट, आणि सणाच्या दिवशी सुतक मानायचं? अपशकुन करायला सांगते ही म्हातारी!"

मघाशी हसणारेही पायांकडे बघायला लागले. मी काही बोलायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या घरात सुतक मान म्हणून सांगणारी मी कोण?

तुळसाबाई तोवर पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"मामा, कुंडीचं सुतक मानलंसा तर ते चार दिसात फिटंल. आमच्या वस्तीत मानायची पाळी आनली, तर ते कसं फिटायचं?"

नरसय्या जवळच्या कुंडीचा काठ चाचपत राहिले.

"तुमी रोज माझ्या हातचा पाला खाता," ती म्हणाली. "त्यो ज्या पान्यावर हाय त्येच पानी माजी नातवंडं पित्यात. मी काय तुमास्नी देव बाटवा म्हनत न्हाय. चार दिस तोंड झाका म्हनते."

नरसय्या उठले आणि पायांत चपला न घालताच गल्लीत निघून गेले. गेले ते गेलेच. एका दारातून दुसऱ्या दारात, आतून चढलेले आवाज, मग पुढच्या गल्लीत. लक्ष्मीने चहा आणला. माझा मी तुळसाबाईकडे सरकवला.

रसूलभाई परत आले ते धावतच. "पानी बांध के कंधे तक आया, बाई. साहेब गेट की किल्ली मांगते. मैं क्या बोलूं?"

"किल्ली द्या त्यांना," मी म्हटलं. "साहेब मागतात तर द्यायलाच हवी. पण सांगा, रंग कुठला ते कळलंय. पंच दारोदार फिरतायत. होईल तेवढं थांबा म्हणावं."

"और नै थांबे तो?"

"जा आधी," मी म्हटलं. ते गेले.

नरसय्या परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कोऱ्या कापडाचा तागा होता. त्यांनी सगळ्यांत मोठ्या कुंडीच्या तोंडावर कापड ताणलं आणि सुतळीने आवळून बांधलं. मग दुसऱ्या कुंडीला. तिसऱ्याला लक्ष्मीने कापडाचं टोक धरलं. बांधून झाल्यावर ते म्हणाले, "हळद कोण लावणार? आमच्या घरचं तर कुणी चालत नाही."

"मी लावते की," तुळसाबाई म्हणाली. "सवाष्न हाय अजून. म्हातारा खोकतोय पर हाय."

हसू आलं, पण कुणी मोठ्याने हसलं नाही.

मग एकेका अंगणात कापडं बांधली जायला लागली. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. तो बाटलीवाला तरणा गडी हट्टाने आपली कुंडी लवंडायला निघाला. नरसय्यांनी त्याच्या मोरीत स्वतः ओलं पोतं कोंबलं आणि वर पाय देऊन उभे राहिले. "सोड आता," म्हणाले. "तुझ्याच अंगणात राहील." त्याने कुंडी सरळ केली.

तुळसाबाई आणि मी टांग्याने केंद्रावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. बांधावर साहेब आणि मजूर मुरमाची पोती टाकत होते. साहेबांचा पांढरा शर्ट चिखलाने माखलेला. पाणी पोत्यांना लागलं होतं. एका जागी बांधाबाहेरच्या अंगाने ओल फुटली होती, तिथे दोघे जण माती ठोकत होते.

"आलात?" साहेब म्हणाले. "काय झालं?"

"थांबवलंय. पण लाइनमधलं येऊन संपायला वेळ लागेल."

साहेब, मी आणि रसूलभाई येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. काळं पाणी येतच होतं. मी बादली बुडवायची, बघायची, ओतायची. साहेबांची एक नजर पोत्यांवर, एक बादलीवर. कितीतरी बादल्या झाल्या. मग एका बादलीचा तळ मला अंधुक दिसला. पुढची आणखी बरी. लिटमस बुडवला, निळा झाला नाही.

"वळवा," साहेब म्हणाले.

रसूलभाईंनी बायपास उघडला. आपलं नेहमीचं, घाणेरडं, देवाघरचं मैलापाणी दुसऱ्या तळ्यात पडायला लागलं. पहिल्याची पातळी चढायची थांबली. साहेब बांधावर बसले आणि बुटातला चिखल काढायला लागले. रसूलभाईंनी मला नंतर सांगितलं की, दिवस मावळायच्या जरा आधी साहेब नाल्याच्या गेटपाशी गेले होते. किल्ली लावली होती. मग काढून परत आले.

नवमीच्या सकाळी मी दुसऱ्या तळ्याची बाटली उन्हात धरली. मग ती कठड्यावर ठेवली आणि खाली बसून बघितलं. साका उतरत होता, उतरत होता. फिकट, पण तपकिरी. तिसऱ्याचा तर छान गडद, म्हणजे झिरा वापरायला हरकत नव्हती. दुसरं तळं मेलं नाही. वस्तीवर टँकर आला तो दसरा उलटल्यावर, तोवर लोकांनी झिऱ्यावरच काढलं. टीसीएल मी स्वतः जाऊन टाकत होते. हगवण-उलटीचा एकही माणूस निघाला नाही.

पेठेतल्या कुंड्या दसऱ्यानंतर सुटल्या, आज एक गल्ली, उद्या दुसरी, अशा बेताने. वाटणी नरसय्यांनीच लावून दिली. पहिलं तळं मात्र दिवाळीपर्यंत प्रेतासारखं पडून होतं. मग एका कोपऱ्यात हिरवा डाग दिसला, आणि रसूलभाईंनी मला तो लग्नातली नवरी दाखवावी तसा दाखवला.

सगळं गोड झालं असं समजू नका. नाल्याची धार बरेच दिवस बारीक ठेवावी लागली. झिऱ्यापुरतं पाणी पोचलं, मळ्यापुरतं नाही. तुळसाबाईची अंबाडी उभी वाळली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "पानी वाचलं बाई, पाला गेला." रागावली असती तर बरं वाटलं असतं. त्याची भरपाई द्यायची तरतूद आमच्या कचेरीत नव्हती. साहेबांनी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा 'नियमात बसत नाही' असं आलं.

त्या दिवसाच्या रिपोर्टात साहेबांनी कारण लिहिलं होतं: शॉक लोड. म्हणजे एकदम अंगावर आलेला बोजा. वरून विचारणा झाली की, असं पुन्हा होऊ नये म्हणून कोणतं उपकरण पाहिजे ते कळवा. साहेबांनी कळवलं: एक पंचांग. स्टोअरमधून उत्तर आलं की, पंचांग उपकरणांच्या यादीत येत नाही.

मग मी घरचंच आणून प्रयोगशाळेच्या भिंतीला टांगलं. त्यात दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल आलं, रंगपंचमी आली, रसूलभाईंनी बकरी ईद लिहून दिली, लग्नाच्या तिथी आल्या. पुढे मी रिटायर होईपर्यंत कितीतरी नवे इंजिनिअर आले. प्रत्येकाला मी एकच सांगायची. तळ्याची खोली तुम्हाला नकाशात सापडेल साहेब, पण उद्या गावात काय आहे, ते कुणाच्या तरी दारात जाऊन विचारावं लागतं. आणि विचारायला आदल्या दिवशी जाऊ नका, चार दिवस आधी जा.